वास्तुरचना व भूदृश्य आराखड्यासाठी संगणक-प्रणालीची निवड : गिरणगावाच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
वास्तुरचना व भूदृश्य आराखड्यासाठी संगणक-प्रणाली निवडताना किंमत, वेग आणि चित्राची सुबकता यांचा विचार होतो. ती प्रणाली नेमके काय मोजते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. दादर, परळ व लालबागच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

कागदावरील आराखडा :
१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत रस्ते, भूखंड आणि उद्याने यांची एकत्रित आखणी झाली. पारशी कॉलनीसाठी झटणारे अभियंता मंचरजी जोशी यांनी रस्त्यांलगतच्या वृक्षांकडेही लक्ष पुरविले. साधने पट्टी, कंपास व कागद एवढीच होती. परंतु विचाराचा घटक संपूर्ण वस्ती हा होता. ‘फाइव्ह गार्डन्स’ हे त्याचेच फलित होय.

गिरण्यांच्या जमिनी :
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ऑटोकॅड ही आरेखन-प्रणाली बाजारात आली. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर नव्या बांधकामाचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये पुनर्विकासात गिरणीच्या जमिनीचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी व उर्वरित मालकासाठी होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने परळच्या गिरणी जमिनींचा एकत्रित आराखडा सुचविला. २००१ च्या दुरुस्तीने मात्र ही वाटणी मुळात बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. गिरण्यांचा बराच भाग शेडखाली असल्याने शहराचा वाटा घटला. ‘मोकळी जमीन’ कशाला म्हणावयाचे, यावरच सारे अवलंबून होते.

निवडीचे निकष :
ऑटोकॅड रेषा अचूक काढते. पण तिच्या लेखी भिंत व झाड दोन्ही मुळात रेषाच असतात. २००० मध्ये आलेली स्केचअप प्रणाली उंची व सावली चटकन दाखविते. चाळीच्या चौकात ऊन किती वेळ राहील, हे पाहण्यास ती पुरेशी आहे. रेव्हिट इमारतीच्या प्रत्येक घटकाशी माहिती जोडते. मात्र तिची दृष्टी मुख्यतः इमारतीपुरती असते. विनामूल्य उपलब्ध असलेल्या क्यूजीआयएसमध्ये अनेक भूखंड, वृक्ष, उतार व नाले एकमेकांवर ठेवून पाहता येतात. हिंदमातासारख्या सखल भागात वारंवार पाणी तुंबत आले आहे. तेथे पाणी मुरणारी जमीन किती उरली, याचे उत्तर एका भूखंडाच्या नकाशात मिळत नाही.

निष्कर्ष :
लहान घरासाठी साधी आरेखन-प्रणाली पुरते. गिरणीच्या जमिनीसारख्या मोठ्या प्रकल्पात मात्र आधी परिसराची नोंद करणारी व नंतर इमारत रेखाटणारी प्रणाली वापरणे इष्ट ठरते. काय मोजावयाचे हे माणसाने ठरवावे लागते. प्रणालीची निवड त्यानंतरची पायरी होय.