घर कशाचं नव्हे, घर कुठं

शहरातल्या परिसंवादांत हल्ली एक मत सिद्धान्ताच्या थाटात मांडलं जातं. खेड्यातलं मातीचं घर शाश्वत, घरकुल योजनेतलं सिमेंटचं घर पर्यावरणाच्या मुळावर आलेलं. तेव्हा खेड्यांनी मातीकडे परतावं. हे मत हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावाला लावून पाहावं. मत अर्धं खरं निघतं, पण उरलेल्या अर्ध्यापायी खरा प्रश्न नजरेआड होतो.

पूर्वपक्षाचं बळ आधी मान्य करू. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाड भिंतींचं माळवदी घर थंड राहतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता आत सोडतो. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड निघतोच, भट्टीचं इंधन बदलूनही तो भाग टळत नाही. मातीचा पैसा गावाबाहेर जात नाही. हे सगळं खरं आहे.

आता हिशेब. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. चौरस फुटाला 0.4 पोतं हा बांधकामातला नेहमीचा ठोकताळा धरला, तर सिमेंट लागतं शंभर-सव्वाशे पोती, साडेपाच टनांच्या आसपास. त्यात विटा आणि सळई मिळवल्या तरी घरामागचं उत्सर्जन ढोबळमानाने नऊ-दहा टनांवर जात नाही. पाच माणसं त्या घरात पन्नास वर्षं राहिली, तर माणशी वर्षाला 40 किलो पडतं. सतराएक लिटर पेट्रोल जाळलं की तेवढंच होतं. मोटारीने पुण्याहून मुंबईला जाऊन परत यायला साधारण एवढंच पेट्रोल लागतं. शाश्वततेवर व्याख्यान द्यायला अशी एक फेरी करणाऱ्याने घरकुलवाल्याला सिमेंटचा दोष देऊ नये.

दुसरा मुद्दा जिवाचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवद यांच्याखाली. यावर मातीचा कैवारी म्हणेल, दोष मातीचा नव्हता. भिंतीत आरपार दगड नव्हते, बांधणी सैल होती, आणि लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे अनेक ठिकाणी उभे राहिले होते. बरोबर. पण त्या सांगाड्यांना लागणारं सागवान आज आणायचं कुठून? जंगल तोडून उभारलेलं माळवद शाश्वत कसं? आणि हिंगोलीत हा धोका इतिहासजमा झालेला नाही: 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. इथं भिंत मातीची असो वा विटांची, जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग पट्टा नसेल तर ते घर पक्कं म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा परिसंवादात कोणी काढतच नाही. मातीच्या घराची देखभाल फुकट नसते. सारवण, पोतेरं, पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपणं: यातलं बहुतेक काम बायकांच्या अंगावर पडतं. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांना स्लॅब का हवा याचं उत्तर ‘शहराची नक्कल’ एवढंच देणं हा उद्धटपणा आहे.

मग नव्या घरांनी काहीच बिघडत नाही का? बिघडतं, पण ते भिंतीच्या साहित्याने कमी आणि घराच्या जागेने जास्त. पांढरीतले, म्हणजे जुन्या गावठाणातले, वाडे पडून आहेत आणि नवी घरं रस्त्याकडेला, काळीत म्हणजे शेतजमिनीत उभी राहतात. पडक्या जागेला भावकीतले आठ-दहा वारस असतात, वाटणी होत नाही, बोळात ट्रॅक्टर शिरत नाही. माणूस शेतात घर बांधतो. त्याची किंमत अशी: सोयाबीन-हळदीची जमीन कायमची जाते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात, आणि नेला तर मैदानी भागातलं 1.20 लाखांचं अनुदान बरंचसं जमिनीखालीच जिरतं. विखुरलेल्या घरापर्यंत विजेचे खांब, नळ, रस्ता ओढावा लागतो. शोषखड्डा आणि बोअर शेजारी-शेजारी येतात. घर मातीचं बांधलं म्हणून यातलं काहीही वाचत नाही.

उपाय पांढरीतच आहे. गावठाणाची ड्रोन मोजणी महाराष्ट्रात आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली, पुढे 2020 मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. मिळकत पत्रिका हाती आली की पडक्या जागेची वाटणी, विक्री, अदलाबदल शक्य होते. राज्याने 2025 मध्ये घरकुलाला 50,000 रुपयांची भर घातली, त्यातले 15,000 छतावरच्या सौर पॅनेलसाठी. तशीच वेगळी भर जुन्या गावठाणात बांधणाऱ्याला द्यावी, आणि वाटणी करून देण्याचं काम ग्रामसभेच्या दारात येऊन महसूल खात्याने करावं. तापणाऱ्या स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात किंवा फुटक्या लाद्यांचा थर द्यावा, पुढे पडवी काढावी; त्याला थोडकाच खर्च येतो.

माती की सिमेंट हा निवड करण्याची ऐपत असलेल्यांचा वाद आहे. गावाचा प्रश्न वेगळा आहे: ओस पडलेली पांढरी पुन्हा वसवायची, की पिकती काळी विटांखाली घालायची. घरकुलाच्या अर्जावर हा प्रश्न विचारला जात नाही, तोवर भिंत कशाचीही असली तरी ते बांधकाम शाश्वत ठरणार नाही.