आर्किटेक्ट, इंजिनिअर की इंटिरिअर डिझायनर? घराच्या कामासाठी नेमके कोणाकडे जावे?

25 जुलै 2017 रोजी मुंबईत घाटकोपरला साईसिद्धी ही रहिवासी इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू होते आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला होता.

नूतनीकरण म्हटले की डोळ्यासमोर टाइल्स, पीओपी आणि मॉड्युलर किचन येते. पण किचनचा रंग ठरवणारा माणूस वेगळा आणि कोणती भिंत पाडता येईल हे सांगणारा वेगळा. हा फरक माहीत नसल्याने अनेक जण सगळेच एका ठेकेदारावर सोपवून मोकळे होतात.

सुरुवात नावापासून करू. आर्किटेक्ट म्हणजे वास्तुविशारद. वास्तुशास्त्र पाहून देवघराची दिशा सांगणारा ‘वास्तुतज्ज्ञ’ हा नव्हे, नावे सारखी असल्याने घोटाळा होतो इतकेच. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावता येते. नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. मात्र यात एक मेख आहे. हा कायदा नावाला संरक्षण देतो, कामाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ‘आर्किटेक्ट’ न म्हणवता कोणीही घराचे डिझाइन करून देऊ शकतो. ‘इंटिरिअर डिझायनर’ या नावाला तर असे कायद्याचे कुंपणच नाही. त्यात उत्तम शिकलेले लोक आहेत आणि सहा महिन्यांचा कोर्स करून पाटी लावणारेही. तिथे पाहायचे ते जुने काम, आणि तेही इन्स्टाग्रामवर नाही, प्रत्यक्ष घरी जाऊन. दोन-तीन वर्षे वापरलेले किचन बरेच काही सांगते.

तिसरा माणूस स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो घरमालकाला फारसा दिसत नाही, पण घर उभे राहते ते त्याच्या हिशोबावर. कॉलम किती जाड, सळई किती, पाया किती खोल, हे तो ठरवतो. ‘शेजाऱ्याचाच नकाशा वापरू, प्लॉट तेवढाच आहे’ हा सल्ला इथे महागात पडतो. प्लॉट सारखा असला तरी खालची जमीन सारखी असेलच असे नाही. मुरमावरचा पाया वेगळा आणि काळ्या मातीतला वेगळा, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि मग भिंतींना तडे जातात.

जुन्या घरावर मजला चढवायचा असेल तर पहिला फोन त्यालाच. जुना पाया आणि कॉलम वाढीव भार पेलतील का, हे तपासल्याशिवाय नकाशा काढण्यात अर्थ नाही. भिंत पाडतानाही तेच. आरसीसी सांगाड्यातील बहुतेक भिंती फक्त आडोसा असतात, पण जुन्या वाड्यात किंवा बैठ्या घरात भिंतच छताचा भार पेलत असते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. ठेकेदाराने हाताने ठोकून ‘काही होत नाही’ म्हटले, तर ती तपासणी नव्हे.

नवे घर बांधायचे असेल, तर महापालिका, नगरपालिका किंवा संबंधित प्राधिकरणाकडे नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. तो आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत सादर होतो. त्यामुळे तिथल्या नियमांची आणि कार्यालयाची ओळख असलेला स्थानिक माणूस सोयीचा. फ्लॅटमध्ये फक्त फर्निचर, रंग, दिवे एवढेच काम असेल तर इंटिरिअर डिझायनर पुरे. बाथरूमची जागा हलवायची असेल तर मात्र थांबावे. सोसायटीची परवानगी तर हवीच, शिवाय खालच्या घराच्या छतातून गळती सुरू झाली की भांडण वर्षानुवर्षे चालते.

‘डिझाइन फुकट, काम आम्हाला द्या’ ही ऑफर आकर्षक वाटते. पण डिझाइनचे पैसे कुठेतरी कामातच धरलेले असतात, आणि ठेकेदाराचे काम तपासायला त्रयस्थ माणूस उरत नाही. हलकी प्लायवूड की चांगली, हे मग फर्निचर फुगल्यावर कळते. दुकानदाराकडून कमिशन घेणारे डिझायनरही असतात, त्यामुळे ते सुरुवातीलाच विचारून घेण्यात संकोच नको.

फी खर्चाच्या टक्केवारीने, चौरस फुटावर किंवा ठोक ठरते. टक्केवारी असेल तर खर्च वाढला की फीही वाढते, म्हणून ती मूळ अंदाजावर की अंतिम बिलावर, हे लिहून घ्यावे. साइटवर किती वेळा येणार, स्लॅब ओतण्याआधी सळई कोण तपासणार, नकाशात बदल केल्यास जादा पैसे किती, हेही करारातच हवे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. आर्किटेक्टचे नकाशे आणि इंजिनिअरचे सळईचे तपशील या दोन्हींच्या सही असलेल्या प्रती घरमालकाने स्वतःकडे ठेवाव्यात. वीस वर्षांनी कोणाला वर मजला चढवायचा असेल, तेव्हा पहिल्यांदा हेच कागद मागितले जातात.