सँ-लुई रुग्णालय आणि त्वचेचा लिम्फोमा

त्वचेच्या लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची, पहिली नोंद पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातली. 1806 मध्ये डॉक्टर जाँ-लुई आलिबेर यांनी तिथे एक रुग्ण पाहिला: आधी अंगावर चट्टे, मग अळंब्यांसारख्या गाठी. त्यांना तो यॉज या संसर्गाचाच प्रकार वाटला. 1870 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ बाझाँ यांनी चट्टा, जाड थर आणि गाठ असा रोगाचा क्रम मांडला. पण सुरुवातीचा चट्टा इसबासारखाच दिसे. निदानाविना रुग्णाची वर्षे जात, ही खरी शोकांतिका.

1938 मध्ये सेझारी आणि बुव्राँ या डॉक्टरांनी या रोगाचे याहून आक्रमक रूप ओळखले. सर्वांग लाल, खाज असह्य, लसिकाग्रंथी सुजलेल्या. त्यांनी त्वचेबरोबर रक्तही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि दोन्हीकडे त्याच विचित्र, मोठ्या केंद्रकाच्या पेशी सापडल्या. रोग त्वचेपुरता नाही, हे रक्ताच्या काचपट्टीने दाखवले. 1968 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केंद्रकावरच्या खोल वळ्या उघड केल्या. 1970 च्या दशकात या पेशी टी-लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, असल्याचे ठरले. 1980 च्या दशकापासून त्या एकाच पेशीपासून वाढल्या आहेत का (ही कर्करोगाची खूण), हे जनुकतपासणीने कळू लागले. तरीही एका बायोप्सीवर भागतेच असे नाही. औषधाला न जुमानणाऱ्या चट्ट्याचा तुकडा अनेकदा पुन्हा तपासावा लागतो.