पुरावाधिष्ठित ग्रंथालयसेवा
ग्रंथालयाचे निर्णय सवयीने न घेता संशोधनाचे निष्कर्ष, स्थानिक नोंदी, वाचकांची गरज आणि ग्रंथपालाचा अनुभव ताडून घेण्याची पद्धत. १९९०च्या दशकात वैद्यकीय ग्रंथालयांतून ती पुढे आली. पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये शेफील्डला भरली. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखालील सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड वर्गांत मोडतात. दाखलनोंद, देवघेव रजिस्टर तिथे असते; ते केवळ तपासणीपुरते उघडले, तर पुरावा हाताशी असून वाया जातो. संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नरसी नामदेवसारख्या (जि. हिंगोली) गावी यात्रेच्या आणि पेरणीच्या दिवसांतली देवघेव वेगवेगळी मोजायला हवी. मागूनही न मिळालेले पुस्तक मात्र या रजिस्टरात उमटतच नाही. त्यासाठी मागणीची स्वतंत्र वही ठेवावी लागते.