भाला आणि तराजू

माणगावकरांस रायगड परका नाही. इ. स. १६७४ च्या जून महिन्यात त्या गडावर श्रीशिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन दरबारात हजर होता. सिंहासनाच्या दोहों बाजूंस सोनेरी भाल्यांच्या अग्रांवर लाविलेली राजचिन्हे त्याने आपल्या वृत्तान्तात वर्णिली आहेत. त्यांतच एका मूल्यवान भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू समतोल टांगलेला होता व तो न्यायाचे चिन्ह होय, असे त्याने नमूद केले आहे. भाला हे प्राण घेण्याचे साधन. त्याच्या टोकावर तराजू कशासाठी? या प्रश्नाचा विचार करू लागता मन सोळाशे वर्षे मागे, शुभवर्तमानामुळे बालपणापासून आपल्या ओळखीच्या झालेल्या यहूदा प्रांताकडे वळते.

रोमच्या सैन्याचे मुख्य भाग दोन. पहिला लीजनचा, त्यात रोमचे नागरिक असत. त्यांचे फेकण्याचे शस्त्र 'पिलम' हे होय. त्याच्या लाकडी दांड्यास लांब व बारीक लोखंडी दांडी जोडलेली असून ते शत्रूच्या ढालीत रुतून बसे. दुसरा भाग साहाय्यक सैन्याचा. त्यात थ्रेस, गॉल, स्पेन, सीरिया इत्यादी जिंकलेल्या मुलखांतील लोक भरती होत. ते बहुधा नागरिक नसत. पंचवीस वर्षे चाकरी केल्यावर त्यांस नागरिकत्व मिळे व त्याचा दाखला कांस्यपत्रावर कोरून देत.

या साहाय्यकांचे खरे शस्त्र भाला. 'हास्ता' हा पानाच्या आकाराच्या पात्याचा भाला ढालीच्या काठावरून भोसकावयास उपयोगी पडे; 'लान्सिया' त्याहून हलका, फेकण्यासही सोयीचा. इ. स. ५१ मध्ये ब्रिटनमधील कॅरॅटॅकसच्या लोकांवर एका बाजूने लीजनच्या तलवारी व पिलम, तर दुसऱ्या बाजूने साहाय्यकांच्या लांब तलवारी व भाले कसे कोसळले, हे इतिहासकार टॅसिटस सांगतो. योसेफसच्या लेखाप्रमाणे रोमन स्वाराच्या हाती एक लांब भाला असे व बाजूच्या भात्यात रुंद पात्याच्या तीन किंवा अधिक बरच्या असत. इ. स. १२८ मध्ये सम्राट हेड्रियन याने आफ्रिकेतील स्वारांची फेक स्वतः पाहून त्यांची वाखाणणी केली व ते भाषण शिळेवर कोरले गेले. फेकीस जोर यावा म्हणून बरचीच्या दांड्यास चामड्याची वादी गुंडाळण्याची रीत त्या काळी होती. आपल्या मराठी विटेकऱ्याने दोराचा उपयोग निराळा केला : फेकलेला विटा त्या दोराने पुन्हा हाती ओढून घेतला.

आता यहूदा प्रांताकडे वळू. तेथील रोमन सुभेदाराजवळ लीजन नव्हते. लीजन सीरियात असत. येरुशलेमचा बंदोबस्त साहाय्यक तुकड्यांकडे होता व त्यांतील पुष्कळ शिपाई कैसरिया आणि शोमरोन या भागांतलेच होते. यास्तव प्रभू येशूच्या कुशीत घुसलेला भाला बहुधा अशाच एका साहाय्यक शिपायाचा असावा. संत योहान त्या शस्त्रास ग्रीक भाषेत 'लोन्खे' म्हणतो. परंपरेने त्या शिपायास दिलेले लाँगिनस हे नाव याच शब्दावरून आले असे मानतात.

पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी त्याच नगरात चाळिसांहून अधिक माणसांनी संत पौलास ठार मारण्याची शपथ वाहिली. ही बातमी कळताच सरदार क्लौद्य लुसिया याने रात्रीच्या तिसऱ्या तासास दोनशे शिपाई, सत्तर स्वार व आणखी दोनशे माणसे देऊन पौलास कैसरियाकडे रवाना केले. या शेवटच्या दोनशेंस प्रेषितांच्या कृत्यांत जो ग्रीक शब्द आहे त्याचा अक्षरार्थ 'उजव्या हाती धरणारे' असा असून भाषांतरकार बहुधा त्यांस भालेकरी म्हणतात.

नगर तेच, सैन्य त्याच जातीचे. मग एकदा निरपराध्याच्या कुशीत शिरलेला भाला दुसऱ्या वेळी निरपराध्याचे रक्षण का करिता झाला? लोखंड बदलले नव्हते. पिलाताने दोष नसल्याचे स्वमुखे सांगूनही हात धुतले. पौल मात्र जन्मतः रोमन नागरिक होता आणि सरदारास कायद्याचे भय होते. तथापि, ज्या हक्काच्या रक्षणार्थ ते भालेकरी रात्रभर चालले, तो हक्क त्यांतील बहुतेकांस स्वतःस लाभलेला नव्हता, हेही विसरता कामा नये. येशूही रोमन नागरिक नव्हता. जो न्याय केवळ नागरिकास मिळतो, त्या तराजूचे एक पारडे अजून वरच राहिले म्हणावयाचे.

रायगडावरील त्या भाल्याचे मर्म येथे उमगते. शस्त्र खाली व न्याय वर, हीच राज्याची योग्य मांडणी. बळ हाती आलेल्या प्रत्येकाने, मग तो राजा असो, पंच असो वा घरातील कर्ता पुरुष असो, आपल्या भाल्याच्या टोकावर तराजू आहे की नाही, आणि तो दुबळ्या परक्यासाठीही समतोल राहतो की नाही, हे नित्य पाहात जावे.