सायकल पर्यटन, मार्गदर्शित

परदेशातील एखादा प्रदेश माहितगार वाटाड्याच्या सोबतीने, लहान गटाने, सायकलवरून पाहत जाण्याचा पूर्वनियोजित प्रवास. रोजची मजल सामान्यतः ४० ते ६० किमी. असते. सामान मोटारीतून पुढच्या मुक्कामी जाते आणि दिवसाचा बराच भाग चर्च, किल्ले, मठ, संग्रहालये, बाजारपेठा वा द्राक्षमळे पाहण्यात जातो. शर्यतीत अंतराला व वेळेला जे महत्त्व असते, ते येथे नसते. तसेच एकट्याने केलेल्या भ्रमंतीतील अनिश्चितताही येथे बहुतांशी काढून टाकलेली असते. या प्रकाराचे आकर्षण आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही या अखेरच्या गोष्टीतच आहेत.

टॉमस कुक याने १८४१ मध्ये लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेची सामुदायिक सहल काढली व १८५५ पासून तो यूरोप खंडात सहली नेऊ लागला. प्रवासाची सर्व व्यवस्था दुसऱ्याने करावी आणि प्रवाशाने केवळ पाहावे, ही कल्पना त्यामुळे मध्यमवर्गात रुजली. परंतु रेल्वेचा प्रवासी स्थानकापासून स्थानकापर्यंतच देश पाहत असे. मधली खेडी त्याला खिडकीतूनच दिसत. ही उणीव सायकलने भरून काढली. जॉन केंप स्टार्ली याची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल (१८८५) आणि डनलॉपचा हवा भरलेला टायर (१८८८) यांमुळे सायकल हे धाडसी तरुणांपुरते वाहन राहिले नाही.

तथापि पर्यटनाची संघटना त्याआधीच उभी राहिली होती. इंग्लंडमधील हॅरोगेट येथे १८७८ मध्ये ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे झाले. या संस्थेने गावोगावी आपले प्रतिनिधी नेमले. त्यांना वकिलातीच्या थाटात ‘कॉन्सल’ म्हणत. पाहुण्या सायकलस्वाराला रस्त्यांची व प्रेक्षणीय स्थळांची माहिती देणे हे त्यांचे काम असे. खाणावळी व हॉटेले यांच्याशी सभासदांसाठी दर ठरविले जात आणि अशा ठिकाणी पंख लावलेल्या चाकाचे चिन्ह टांगले जाई. तीव्र उतारांवर धोक्याचे फलकही संस्थेनेच लावले. परदेशी जाणाऱ्याची मोठी अडचण जकातीची होती. सायकल हा आयात माल मानून सीमेवर अनामत रक्कम भरावी लागे. सभासदत्वाच्या ओळखपत्रावर ही सूट मिळविणे, हे अशा संस्थांचे फारसे न दिसणारे पण मोलाचे कार्य होय.

स्त्रियांना या संस्थेत १८८० पासून प्रवेश मिळाला. रस्त्यावर मात्र प्रश्न इतक्या सहज सुटला नाही. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन यांना, त्यांनी विजारीसारखा सायकलचा पोशाख घातल्यामुळे, सरे परगण्यातील ऑकम येथील एका हॉटेलच्या कॉफीगृहात बसू दिले नाही. संस्थेने हॉटेलवर खटला भरला व १८९९ मध्ये तो हरला. दुसऱ्या खोलीत जेवण देऊ केले होते, एवढे हॉटेलला पुरेसे ठरले. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या अमेरिकन संघटनेने तर १८९४ मध्ये आपले सभासदत्व गोऱ्यांपुरते मर्यादित केले. मोकळ्या रस्त्याचा गौरव करणाऱ्या त्या काळातील लेखनात अशा गोष्टींना क्वचितच जागा मिळते.

जोसेफ पेनेल हा चित्रकार व त्याची पत्नी एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल यांनी १८८४ मध्ये फ्लॉरेन्सहून रोमपर्यंत तीनचाकी सायकलने प्रवास केला. या दांपत्याच्या सचित्र प्रवासवर्णनांमुळे सायकलवरून कलास्थळे पाहण्याला वाङ्‌मयीन प्रतिष्ठा लाभली. मात्र ती खाजगी यात्रा होती. गटाचा म्होरक्या म्हणून ज्याचे नाव आरंभी येते, तो पोर्टलंड (मेन) येथील फ्रँक एल्वेल होय. स्वतःच्या राज्यात अशा सहली काढल्यावर त्याने १८८९ मध्ये अमेरिकन सायकलस्वारांचा एक गट यूरोपात नेला.

इटलीत १८९४ मध्ये मिलान येथे ५७ सायकलस्वारांनी एकत्र येऊन एक पर्यटन संस्था काढली. १९०० मध्ये तिच्या नावातून ‘सायकल’ हा शब्द गळाला, आणि पुढे तिच्या बेर्तारेल्ली याच्या पुढाकाराने निघालेल्या मार्गदर्शिकांचे वाचक मोटारीतून हिंडू लागले. फ्रान्स व नेदर्लंड्समधील संस्थांचा प्रवासही थोड्याफार फरकाने असाच झाला.

जर्मन शिक्षक रिचर्ड शिरमान याने आल्टेना येथील किल्ल्यात १९१२ मध्ये सुरू केलेल्या युवक-वसतिगृहाने स्वस्त मुक्कामाची सोय झाली आणि तरुणांच्या सायकल सहली देशोदेशी निघू लागल्या. १९३३ मध्ये जर्मनीतील ही वसतिगृहे हिटलर युवक संघटनेच्या ताब्यात गेली. १९३७ मध्ये या संघटनेचे सायकलस्वार गट इंग्लंडमध्ये हिंडू लागले, तेव्हा वाटेतील खेडी, पूल, चर्चचे मनोरे ध्यानात ठेवण्याची सूचना त्यांना मिळाल्याची बातमी ‘डेली हेरल्ड’ने दिली आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याने पोलिसांकरवी त्यांच्यावर पाळत ठेवली. ही कागदपत्रे २०१० मध्ये खुली झाली. ती मुले खरोखरच हेर होती, असे त्यांवरून म्हणता येत नाही. परंतु निरागस पर्यटक जे पाहतो व टिपून ठेवतो, नेमके तेच संशयास्पद ठरले.

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघालेल्या सहा पारशी तरुणांचा प्रवास याच्या अगदी उलट जातीचा होता. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा हे तिघे सु. ७१,००० किमी. अंतर कापून १९२८ मध्ये परतले. त्यांना वाटाड्या नव्हता आणि मुक्कामही ठरलेले नव्हते.

व्यावसायिक मार्गदर्शित सहलींचा खरा विस्तार दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. टोराँटो येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बटरफील्ड अँड रॉबिन्सन’ या संस्थेने आरंभी विद्यार्थ्यांना यूरोप दाखविले; पुढे बरगंडीसारख्या भागांत सधन प्रौढांसाठी उत्तम भोजन व हॉटेल यांसह सहली काढल्या. नेदर्लंड्समध्ये प्रवाशांनी दिवसा सायकल चालवावी व रात्री कालव्यातील बोटीवर झोपावे, असा प्रकार लोकप्रिय आहे. फ्रान्समधील ल्वार नदीकाठचा मार्ग शांबॉर, ब्ल्वा येथील राजवाडे आणि लिओनार्दो दा व्हिंची १५१९ मध्ये जेथे मरण पावला ते आंब्वाज, यांना जोडतो.

या सर्वांत जर्मनीतील पासाउ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सु. ३२० किमी.चा मार्ग विशेष उल्लेखनीय. आगबोटी येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे घोडे ज्या पायवाटेने चालत, तिचाच बराचसा भाग यात वापरला आहे. त्यामुळे चढ जवळजवळ नाही आणि बहुतेक प्रवासी प्रवाहाच्या दिशेनेच जातात. मेल्क येथील बरोक शैलीचा मठ, वाखाउ खोऱ्यातील द्राक्षमळे, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ च्या अखेरीस जेथे कैदेत होता तो ड्यूर्नश्टाइनचा किल्ला, ही या मार्गावरील ठरलेली स्थळे आहेत. परंतु त्यांच्या बरेच आधी, लिंट्स सोडल्यावर, माउटहाउझेन हे गाव लागते. गावावरील टेकडीवर १९३८ ते १९४५ या काळात नाझी छळछावणी होती. ही छावणी व तिच्या शाखा यांत सु. १,९०,००० लोक डांबले गेले आणि त्यांपैकी किमान ९०,००० मेले. खाणीतील ग्रॅनिटचे दगड पाठीवर घेऊन कैद्यांना ज्या १८६ पायऱ्या चढाव्या लागत, त्या तेथे आहेत. सपाट नदीकाठ सोडून हा खडा चढ चढल्याशिवाय छावणी दिसत नाही. गटाला तेथे न्यावे की दुपारच्या जेवणाला वेळेवर पोचवावे, हे सहल आखणारा ठरवितो आणि न नेल्यास काही राहून गेले, याची जाणीवही प्रवाशाला होत नाही.

बर्लिनमध्ये याच्या उलट वाट धरलेली दिसते. तेथे १९८९ मध्ये खुल्या झालेल्या भिंतीच्या रेषेवरूनच सु. १६० किमी.चा सायकलमार्ग आखला आहे आणि गस्तीच्या जुन्या रस्त्यांवरून मार्गदर्शक गट नेतात. विद्युत सायकली व उपग्रहाधारित नकाशे यांमुळे वाट चुकण्याची भीती उरलेली नाही. अनेक संस्था आता सामान व मुक्काम यांची व्यवस्था करून प्रवाशाला वाटाड्याविना सोडतात. त्यामुळे मार्गदर्शकाकडे रस्ता दाखविण्याऐवजी स्थळाची कथा सांगण्याचे काम आले आहे.