निशिझाकाची टेकडी आणि परमेश्वराची सत्ता

परमेश्वर सर्वसमर्थ आहे आणि परमदयाळूही आहे, अशी आमची श्रद्धा आहे. मग जगांत इतका अन्याय कां, दुष्टांच्या हातीं अधिकार कां आणि निरपराध्यांच्या खांद्यावर क्रूस कां, हा प्रश्न भाविक वाचकांच्या मनांत कधीं ना कधीं उभा राहिला असेलच. पुष्कळ वेळां आम्ही "देवाची मर्जी" एवढे दोनच शब्द उच्चारून तो मिटवून टाकतों. त्या शब्दांत पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण किती आणि आमच्या विचाराचा आळस किती, हें या ज्युबिलीच्या निमित्तानें वसईच्या एका सुपुत्राच्या चरित्रावरून पाहूं.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५६ सालीं वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें व त्यांच्याबरोबरच ते तरुणपणीं जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली, कांहीं काळ व्यापार केला आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याजकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून धाडिलें, तेव्हां दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्यासोबत होते.

१५९६ च्या ऑक्टोबरांत 'सान फेलिपे' नांवाचें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्यास लागलें. हिदेयोशीनें त्यांतील माल जप्त केला. परकीय धर्मगुरूंच्या मागून परकीय सैन्य येतें, हा संशय त्याच्या मनांत बळावला व त्याचा कोप ख्रिस्ती लोकांवर उलटला. क्योतो येथें चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. मग भर हिवाळ्यांत सुमारें महिनाभर चालवीत त्यांस नागासाकीस नेण्यांत आलें. वाटेंत दोघांची भर पडून ते सव्वीस झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाकाच्या टेकडीवर त्यांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. लुईस इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा मुलगा होता.

हा वध देवानें करविला काय? ख्रिस्तसभेचें उत्तर स्पष्ट आहे: नाहीं. देव पाप करीत नाहीं, करवीत नाहीं, इच्छीतही नाहीं. मनुष्यास दिलेलें स्वातंत्र्य हिरावून न घेतां तो तें होऊं देतो; आणि होऊं देतो तो अशाचसाठीं कीं, वाइटांतूनही चांगलें निर्माण करण्याइतका तो समर्थ आहे. संत ऑगस्टीन यांनीं हेंच शिकविलें. संत थॉमस अक्विनास यांनीं तर रक्तसाक्ष्यांचेंच उदाहरण घेतलें आहे: जुलमी राजांचा छळ नसता, तर रक्तसाक्ष्यांची सहनशीलताही जगास दिसली नसती. परंतु एवढ्यानें जुलमी राजा निर्दोष ठरत नाहीं. योसेफास विकणाऱ्या बंधूंचा हेतु दुष्टच होता. त्यांच्या त्या कृत्यावरून देवानें दुष्काळांत अनेकांचे प्राण वांचविले, हें श्रेय देवाचें, बंधूंचें नव्हे.

आतां पुढील इतिहास पाहा. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. धर्मगुरूंस हांकलून दिलें किंवा ठार मारलें, आणि श्रद्धा सोडल्याची खूण म्हणून पवित्र चित्रांवर पाय ठेवावयास लोकांस भाग पाडलें. कित्येक डगमगले, कित्येकांनीं प्राण दिले. इकडे रोममध्यें त्या सव्वीस जणांस १६२७ सालीं धन्य म्हणून व १८६२ सालीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें. या नव्या संतांच्या नांवानें नागासाकींत ओउरा येथें देऊळ उभें राहिलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचे कांहीं शेतकरी तेथें आले आणि फादर पेतिजाँ यांस हळूच म्हणाले कीं, आमचें व तुमचें अंतःकरण एकच आहे. पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे? दोनशेंहून अधिक वर्षें धर्मगुरूंवांचून, केवळ स्नानसंस्काराच्या व प्रार्थनेच्या आधारें त्यांच्या घराण्यांनीं श्रद्धा जपली होती. ज्यांच्या मरणानें श्रद्धा नष्ट व्हावी असा हिदेयोशीचा बेत, त्यांच्याच नांवाच्या देवळांत ती श्रद्धा पुन्हा प्रकट झाली.

तथापि येथेंच थांबून सुखान्त कथा रचणें योग्य नव्हे. त्याच उराकामीच्या तीन हजारांवर लोकांस पुढें हद्दपारी भोगावी लागली. ती १८७३ सालीं संपली. परतलेल्यांनीं बांधिलेलें भव्य देऊळ ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें उद्ध्वस्त झालें, व तेथील सुमारें १२,००० कॅथोलिकांपैकीं सुमारें ८,५०० मृत्यु पावले. यांतून देवानें काय साधलें, हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्याचा हिशेब त्याच्याजवळ आहे. एवढेंच आम्ही जाणतों कीं, ज्यानें स्वतःच्या पुत्राचा क्रूस पुनरुत्थानाचें द्वार केला, त्याच्या हातून हे मृतही निसटलेले नाहींत.

म्हणून धर्मबंधूंनो व भगिनींनो, "देवाची मर्जी" हे शब्द जपून वापरा. कोणी बांध सरकवून विधवेची जमीन बळकाविली, तर तिला ती देवाची मर्जी म्हणून सांगूं नका. तें पाप आहे, आणि तिच्या बाजूनें उभें राहणें हीच त्या वेळीं देवाची मर्जी आहे. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्या हातून घडलेला अन्यायही अन्यायच होय. देवाच्या नांवानें तो धुतला जात नाहीं. मात्र न्यायासाठीं झटून हात थकले आणि तरीही दुष्टाचेंच फावतांना दिसलें, तर वसईच्या त्या दुभाष्याचें स्मरण करा. त्यास आपल्या क्रुसावरून १८६५ साल दिसत नव्हतें. ज्यास तें दिसत होतें, त्याच्यावर त्यानें विश्वास ठेविला. संत गोन्सालो आम्हां सर्वांसाठीं विनंती करोत.